पासवर्डवाली लाइन की नुसती लावायची लाइन?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत बरीच वर्षं इंटरनेटची एकच फायबर होती. आता दुसरीही आली आहे. परवा सेक्रेटरी काकांनी मला जिन्यातच गाठलं. "दोघांचे दर सारखे, वेग सारखा. एक म्हणतो युझरनेम-पासवर्ड टाका, दुसरा म्हणतो वायर लावा की झालं. मी कुठली घेऊ, सांग." जिन्यात उभ्या उभ्या मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझंच मला अपुरं वाटलं. घरी येऊन विचार केला, की हा प्रश्न आज मुंबईत बऱ्याच जणांसमोर असणार. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं काम छोट्या ऑफिसांची नेटवर्कं उभी करण्याचं. दोन्ही प्रकारच्या लाइन मी स्वतःच्या खिशातून पैसे भरून वापरल्या आहेत. मुलुंडला घरी आधी पासवर्डवाली होती, आता नुसती लावायची आहे. गिरगावात ऑफिसला मात्र पासवर्डवालीच आहे, आणि ती मी बदलणार नाही. यामागची कारणं सांगतो. प्रयोगशाळेतली मोजमापं माझ्याकडे नाहीत. आहे तो काही वर्षांचा अनुभव. तुमची इमारत, तुमचा ऑपरेटर वेगळा असेल तर तुमचा निकालही वेगळा लागू शकतो.

पासवर्डवाली म्हणजे पीपीपीओई: डायल-अपच्या काळातली पीपीपी ही जोडणीची पद्धत इथरनेटवर चढवलेली. नुसती लावायची म्हणजे आयपीओई: आयपी थेट इथरनेटवर. ऑपरेटरची मुलं तिला 'डीएचसीपीची लाइन' म्हणतात, कारण राउटरला आपोआप पत्ता देणारी पद्धत म्हणजे डीएचसीपी. जाहिरातीच्या पत्रकावर हा फरक सहसा छापलेला नसतो, तिथे वेग आणि फुकट मिळणारे ओटीटी असतात. खरं तर दोन्ही ठिकाणी फायबर तीच, भिंतीवरचा ओएनटीचा डबाही (घरात फायबर जिथे संपते तो) जवळपास तोच. फरक एवढाच, की तुमचं आयपी पॅकेट (नेटवरच्या मालाचा एक तुकडा) इथरनेटच्या फ्रेममध्ये (तो तुकडा तारेवरून नेणाऱ्या खोळीत) कसं बसवायचं. पण पुढची काही वर्षं कुठल्या जातीचा त्रास तुमच्या वाट्याला येणार, ते याच गोष्टीवर ठरतं.

फ्रेमच्या आत

आयपीओईची गोष्ट एका दमात सांगून होते. इथरनेटच्या फ्रेमला १४ बाइट्सचं हेडर, मग जास्तीत जास्त १५०० बाइट्सचा माल आणि शेवटी तपासणीचे ४ बाइट्स. हेडरच्या शेवटच्या दोन बाइट्समध्ये आत काय आहे ते लिहिलेलं असतं. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत, ०८०० असेल तर आयपीव्ही४ (आयपीची जुनी आवृत्ती), ०८०६ असेल तर एआरपी (शेजारच्या यंत्राचा पत्ता शोधणारी हाक), ८६डीडी असेल तर आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती). ते दोन बाइट्स वाचायचे आणि माल योग्य माणसाच्या हाती द्यायचा. १९८४ साली आरएफसी ८९४ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती लिहून ठेवणारे क्रमांकित दस्तऐवज) हे असंच लिहिलं गेलं, आणि आजही तुमच्या घरातल्या केबलमधून तेच धावतं आहे. पत्ता कुणी द्यायचा हे डीएचसीपी बघतो, आणि त्याचीही पॅकेटं याच ०८०० खाली जातात.

पीपीपीओईत फ्रेमवर ८८६४ लिहिलेलं असतं, म्हणजे आत पीपीपीओईचं सत्र आहे. उघडलं की आधी सहा बाइट्सचं हेडर: सत्राचा क्रमांक, लांबी वगैरे. मग पीपीपीचे दोन बाइट्स. त्यात ००२१ असेल तर आयपीव्ही४, ००५७ असेल तर आयपीव्ही६. त्यानंतर आपलं पॅकेट. म्हणजे एकाच मालावर दोन चिठ्ठ्या. उशीला एकावर एक दोन अभ्रे चढवल्यासारखं हे आहे, आणि खाट काही त्यासाठी रुंद होत नाही. सहा आणि दोन मिळून आठ बाइट्स त्या १५०० मधूनच जातात. आयपीच्या हाती उरतात १४९२.

हा दुसरा अभ्रा कुणी उगीच चढवलेला नाही, हे सांगायला हवं. फोनच्या तारेवरून इंटरनेट चालायचं तेव्हा आधी स्लिप नावाची फार साधी पद्धत होती. आरएफसी १०५५ मध्ये ती १९८८ साली लिहून ठेवली गेली. पॅकेट संपलं की एक खुणेचा बाइट, एवढाच तिचा कारभार. आत काय आहे ते सांगणारी चिठ्ठीच नव्हती, त्यामुळे आयपीशिवाय दुसरं काही नेता येत नसे. पीपीपीने ती चिठ्ठी दिली, लॉगिनची सोय दिली आणि तार जिवंत आहे का हे बघायची रीतही दिली. आज जे पीपीपी आपण वापरतो ते १९९४ च्या आरएफसी १६६१ मधलं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं. डायल-अपच्या त्या वर्षांत मोडेमची ती लांबलचक घरघर थांबली, की पुढे आपल्या संगणकाचं आणि पलीकडच्या सर्व्हरचं बोलणं व्हायचं ते बहुतेक वेळा पीपीपीत. पुढे डीएसएल (फोनच्याच तारेवरचं ब्रॉडबँड) आलं, तार कायम जोडलेली राहू लागली. पण कंपन्यांची ग्राहकखाती, बिलं, पासवर्ड, सगळी मांडणी पीपीपीवर उभी होती. ती मोडायला नको म्हणून फेब्रुवारी १९९९ मध्ये आरएफसी २५१६ आलं. यूयूनेट, रेडबॅक आणि राउटरवेअर या कंपन्यांतल्या अभियंत्यांनी ते लिहिलं. इथरनेटला स्वतःहून 'तू कोण' हे विचारता येत नाही. पीपीपीओईने तिला ते शिकवलं. हे काम मोठं होतं, आणि त्याची मला मनापासून कदर आहे.

वेगाचं आधी उरकून घेतो

आठ बाइट्स गेले म्हणून वेग कमी होतो, असं बरेच जण सांगतात. कागदावर हिशेब करा. तारेवरचा सगळा रिकामा वेळ आणि हेडरं धरली तर एका पूर्ण फ्रेमला १५३८ बाइट्सची जागा लागते. त्यात टीसीपीचा (वेबपानं, फाइली पोचवणाऱ्या पद्धतीचा) खरा माल आयपीओईत १४६० बाइट्स आणि पीपीपीओईत १४५२. म्हणजे १०० एमबीपीएसच्या तारेवर साधारण ९४.९ विरुद्ध ९४.४. हा फरक तुम्हाला कधीच जाणवणार नाही.

जाणवला तर तो स्वस्त राउटरमुळे. दुसरा अभ्रा चढवायचं-उतरवायचं काम काही राउटर हार्डवेअरमध्ये करतात, काहींना ते प्रोसेसरवर करावं लागतं आणि त्यांना धाप लागते. माझा जुना राउटर आयपीओईवर ३०० चे पूर्ण ३०० द्यायचा, पीपीपीओईवर २०० च्या आसपास अडकायचा. राउटर बदलला आणि विषय संपला. त्यामुळे केवळ वेगासाठी कुणी ही किंवा ती निवडू नये, असं मला वाटतं.

वहिनींची राखाडी चौकट

माझा निकाल ज्या गोष्टीने लावला ती आता सांगतो.

वहिनी रेडिओलॉजिस्ट आहेत. रात्रीच्या तातडीच्या तपासण्यांचे रिपोर्ट त्या घरून देतात. हॉस्पिटलने दिलेला लॅपटॉप, त्यावर हॉस्पिटलचं व्हीपीएन, म्हणजे त्यांच्या नेटवर्कपर्यंतची गुप्तलिपीतली वाट. आमच्या मुलुंडच्या घरी तेव्हा पीपीपीओई होती. पहिल्याच रात्री त्यांनी मला उठवलं. "भाऊजी, पेशंटची यादी येते, नावं दिसतात. सीटी उघडला की नुसती राखाडी चौकट." मी बघितलं. व्हीपीएन जोडलेलं, लॉगिन झालेलं, यादी झरझर वरखाली होते. इमेजवर क्लिक केलं की चक्र फिरत राहतं आणि दोन-तीन मिनिटांनी संपर्क तुटल्याची पाटी येते. त्या रात्री त्या टॅक्सी करून हॉस्पिटलला गेल्या. एका माणसाच्या डोक्याचा सीटी वाट बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं ते जवळजवळ तीन आठवडे चाललं. ऑपरेटरकडून मुलगा आला, त्याने फायबरची पॉवर मोजली. उणे १९ डीबीएम, उत्तम. ओएनटी बदलून दिला. स्पीड टेस्ट पूर्ण. तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडून क्लिअर आहे," आणि तो खोटं बोलत नव्हता. हॉस्पिटलच्या आयटीवाल्यांनी व्हीपीएन काढून पुन्हा टाकलं, त्यांच्याकडून इतर सगळ्या डॉक्टरांचं चालत होतं. मी स्वतः वायफाय बंद करून केबल लावून पाहिली. काही फरक नाही. आणि या सगळ्यात व्हिडिओ चालतात, बँक चालते, ऑफिसचे कॉल चालतात. घरात वहिनी आणि मी सोडून कुणाला नेटबद्दल तक्रारच नाही.

धागा सापडला तो वहिनी दोन दिवस डोंबिवलीला माहेरी गेल्या तेव्हा. तोच लॅपटॉप, तेच व्हीपीएन, आणि इमेज चुटकीसरशी उघडली. मी फोनवर त्यांच्या भावाला विचारलं, राउटरमध्ये पासवर्ड टाकावा लागतो का? तो म्हणाला, नाही, नुसती वायर लावली आहे. मी तिथेच कपाळाला हात लावला. हे मला पहिल्या रात्रीच सुचायला हवं होतं.

घडत होतं ते असं. हॉस्पिटलचा फायरवॉल मोठ्या इमेजचे तुकडे करून, ते गुप्तलिपीत गुंडाळून पाठवतो, आणि बाहेरून ते पॅकेट पूर्ण १५०० चं होतं. त्यावर 'हे वाटेत फोडू नका' असा शिक्का असतो. ते पॅकेट इंटरनेटवरून व्यवस्थित मुंबईपर्यंत, आमच्या ऑपरेटरच्या यंत्रापर्यंत येतं. तिथून आमच्या घराकडे जाणारी वाट १४९२ ची. फोडायची परवानगी नाही, तसं जात नाही. मग नियमाप्रमाणे ते यंत्र पॅकेट टाकून देतं आणि पाठवणाऱ्याला उलट निरोप धाडतं, 'बाबा, वाट अरुंद आहे, लहान करून पाठव.' वाटेची रुंदी अशी शोधायची पद्धत १९९० च्या आरएफसी ११९१ मध्ये सांगितलेली आहे. निरोप पोचला तर एका झटक्यात सगळं सुरळीत. पण हे निरोप आयसीएमपी नावाच्या, असे निरोप नेणाऱ्या पद्धतीचे असतात, आणि सुरक्षिततेच्या काळजीने कितीतरी फायरवॉल आयसीएमपी सरसकट अडवतात. हॉस्पिटलचाही अडवत होता. त्यामुळे तिकडून मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा येतं, इकडे पुन्हा पुन्हा टाकलं जातं, आणि कुणालाच कुणी काही सांगत नाही. यादी, नावं, लॉगिन ही सगळी छोटी पॅकेटं, ती आरामात निघून जातात.

जुन्या चाळीत तीन मजले चढवलेलं कपाट शेवटच्या वळणावर दोन बोटांनी अडावं, तसं हे. फरक एवढाच की इथे खाली उभ्या असलेल्या माणसाला वरून कुणी हाकच मारत नाही, आणि तो तसलंच दुसरं कपाट वर पाठवतो.

मग बाकीचं सगळं कसं चालतं, असं तुम्ही विचाराल. पीपीपीओईचे राउटर एक युक्ती करतात. टीसीपीची जोडणी होताना दोन्ही बाजू आपापलं माप सांगतात. राउटर वाटेतच त्या मापात हात घालतो आणि १४६० चं १४५२ करून पुढे पाठवतो. त्यामुळे समोरचा पहिल्यापासूनच लहान पाठवतो. युक्ती छान आहे आणि घरोघरी तिच्यावरच सगळं चाललं आहे. पण व्हीपीएनच्या आतली जोडणी गुप्तलिपीत असते. राउटरला ती दिसत नाही, तर तो हात कशात घालणार?

उपाय शेवटी मिळाला. लॅपटॉपवर व्हीपीएनचं जे आभासी कार्ड असतं, त्याचा एमटीयू, म्हणजे पॅकेटचं कमाल माप, कमी करायचा. मग लॅपटॉप स्वतःच हॉस्पिटलच्या सर्व्हरला लहान माप सांगतो. केलं, आणि इमेज उघडली. पण लॅपटॉप हॉस्पिटलचा. सेटिंग बदलायचा अधिकार त्यांच्या आयटीवाल्यांकडे. त्यांना दर वेळी फोन करायचा, त्यांनी दुरून जोडून बदलायचं, आणि व्हीपीएनचं नवं अपडेट आलं की ते पुन्हा मूळपदावर. वर्षभरात हे चार वेळा झालं. चौथ्या वेळी, रात्री दोनला, वहिनी पुन्हा टॅक्सीत बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या ऑपरेटरला फोन केला.

आयपीओई लागल्यापासून ती राखाडी चौकट आम्ही पाहिलेली नाही.

तेच आठ बाइट्स, वायफायवर

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिने मला या सगळ्याकडे बघायची नजर दिली.

तुमच्या लॅपटॉपपासून राउटरपर्यंत वायफायवरून जी फ्रेम जाते, तिच्यातही आयपीच्या आधी आठ जादा बाइट्स असतात. एलएलसी आणि स्नॅप ही त्यांची नावं. एए, एए, ०३, मग तीन शून्य बाइट्स आणि शेवटी तेच आपले दोन, ०८०० किंवा ८६डीडी. वायफायच्या हेडरला स्वतःची 'आत काय आहे' अशी जागाच नाही, म्हणून ही सोय. बरोबर आठ. पण वायफायवर कधी कुणाची इमेज या आठ बाइट्सपायी अडली, असं मी ऐकलेलं नाही. कारण वायफायच्या फ्रेममध्ये २३०४ बाइट्सचा माल मावतो. १५०० आणि वर आठ सहज बसतात.

हेच आठ बाइट्स इथरनेटवर बसवायला गेलं की काय होतं, तेही जुनं आहे. १९८८ च्या आरएफसी १०४२ मध्ये आयट्रिपलई ८०२.३ वर (इथरनेटच्या मानकावर) एलएलसी-स्नॅप लावून आयपी नेण्याची पद्धत दिली आहे, आणि तिथे आयपीसाठी कमाल माप १४९२ च येतं. म्हणजे पीपीपीओईच्या अकरा वर्षं आधी हा आकडा कागदावर होता. तारेवर ती पद्धत मागे पडली, आणि सरळ ०८०० लिहिणारी जुनी पद्धत टिकली.

उलट व्हीएलएएनचं बघा. अनेक फायबर लाइनवर ऑपरेटर व्हीएलएएनचा टॅग (एकाच तारेवरची वेगवेगळी वाहतूक ओळखायची खूण) लावतो, तो चार बाइट्सचा. पण त्याने १५०० ला धक्का लागत नाही, कारण १९९८ मध्ये मानकातच फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ केली गेली. जीपॉन फायबरवर (एक फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) तर इथरनेटची अख्खी फ्रेम जेम नावाच्या आणखी एका खोळीत बसून जाते. तिचं हेडर पाच बाइट्सचं. पण जेमला फ्रेमचे तुकडे करून पलीकडे पुन्हा जोडता येतात, त्यामुळे तुम्हाला तिचा पत्ताही लागत नाही.

म्हणजे एका खोळीत दुसरी खोळ असण्याला माझा आक्षेप नाही. सगळं नेटवर्क त्यावरच उभं आहे. पीपीपीओईला जादा जागा कुणी करून दिली नाही, हे माझं दुखणं. तशी नंतर केली गेली: २००६ च्या आरएफसी ४६३८ प्रमाणे दोन्ही बाजूंनी ठरवलं आणि मधली सगळी यंत्रं १५०८ चा माल नेऊ शकत असली, तर पीपीपीओईतूनही पूर्ण १५०० जातात. मी आमच्या जुन्या ऑपरेटरकडे याची विचारणा केली होती. दोन-तीन माणसांशी बोललो, सगळे सभ्यपणे बोलले, पण ते बदल करायचा अधिकार असलेल्या माणसापर्यंत मी पोचलो नाही. तुमचा ऑपरेटर हे करून देत असेल, तर माझा वरचा सगळा आक्षेप तुमच्यासाठी गळून पडतो.

आणि तरीही गिरगाव

आता दुसरी बाजू, आणि ती मी आदराने सांगतो.

गिरगावातलं आमचं ऑफिस जुन्या इमारतीत आहे. तिथे फायबर तळमजल्यापर्यंत येते. पुढे जिन्यात एका पत्र्याच्या पेटीत साधा स्विच, आणि त्यातून प्रत्येक गाळ्यात तांब्याची केबल. मध्ये एकदा ऑपरेटरने तिथे डीएचसीपी करून बघितलं. पंधरा दिवसांत एका सकाळी आमचं नेट गेलं. राउटरला पत्ता मिळालेला होता, पण १९२.१६८ ने सुरू होणारा, घरगुती राउटर आपल्या घरात वाटतो तसला. वरच्या मजल्यावर कुणीतरी नवा राउटर आणून जिन्यातली वायर चुकून त्याच्या लॅनच्या, म्हणजे घरातल्या बाजूच्या, तोंडात लावली होती. त्याचा राउटर मग अख्ख्या जिन्याला पत्ते वाटत बसला. आम्ही 'मला पत्ता कोण देईल' असं विचारलं की पहिलं उत्तर त्याचंच यायचं. महागड्या स्विचमध्ये हे रोखता येतं. जिन्यातल्या स्विचमध्ये ती सोय नव्हती. ऑपरेटरने आठवड्याभरात पीपीपीओई परत आणली, आणि मी त्याचे आभार मानले. तिथेही राउटर 'कोण आहे का' अशी हाक सगळ्या जिन्याला देतो, पण घरगुती राउटर त्या हाकेला ओ देत नाहीत. ओ देतो तो ऑपरेटरचाच सर्व्हर, आणि पुढे पासवर्ड विचारला जातो.

घरापर्यंत थेट फायबर आणि स्वतःचा ओएनटी असेल तर ही भीती फारशी उरत नाही. जीपॉनवर शेजाऱ्याचा डबा तुमच्या डब्याशी थेट बोलत नाही, सगळं ऑपरेटरच्या यंत्रातून फिरून येतं.

पीपीपीओईचं दुसरं सुख ऑफिसला जास्त कळतं. राउटर आणि ऑपरेटरचं यंत्र दर काही सेकंदांनी एकमेकांना 'आहेस ना' असं विचारत असतात. उत्तर आलं नाही की सत्र तुटतं, राउटरच्या पानावर लाल दिसतं आणि दोन लाइन असतील तर दुसरी आपोआप उचलली जाते. आयपीओईत असं उपजत काही नाही. मुलुंडला गेल्या पावसाळ्यात पुढे कुठेतरी फायबर तुटली होती. ओएनटीचे दिवे हिरवे, राउटरला पत्ता आहे, कारण त्याची मुदत संपायची होती, आणि नेट मात्र शून्य. दोष घरातला की बाहेरचा, हे ठरवण्यात माझा अर्धा तास गेला. राउटर चांगला असेल तर त्याला बाहेरचा एखादा पत्ता सतत पिंग करायला, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघायला, सांगता येतं. मी आता तसं केलं आहे.

आणि तिसरं, भाड्याने राहणाऱ्यांसाठी. अकरा महिन्यांचा करार संपला, त्याच ऑपरेटरच्या भागात घर बदललं, तर पीपीपीओईचं युझरनेम तुमच्याबरोबर येऊ शकतं. आयपीओईत बहुतेक वेळा तुमची ओळख म्हणजे तुमचं पोर्ट, किंवा राउटरचा मॅक पत्ता (यंत्राला कारखान्यात मिळालेला क्रमांक). राउटर बदलला तरी ऑपरेटरला फोन करून नवा मॅक नोंदवावा लागतो. मी रविवारी संध्याकाळी नवा राउटर लावला आणि सोमवारी दुपारपर्यंत फोनच्या डेटावर भागवलं. नंतर कळलं, की जुना मॅक नव्या राउटरमध्ये भरता आला असता.

पीपीपीओईचाही असाच एक छळ आहे. वीज गेली-आली की राउटर पुन्हा लॉगिन करतो, पण ऑपरेटरकडे जुनं सत्र अजून जिवंत समजलं जातं. 'आधीच लॉगिन आहे' म्हणून तो नकार देतो. पाच-दहा मिनिटं नुसतं बसून राहायचं. गिरगावात पावसाळ्यात हे आम्ही सवयीचं करून घेतलं आहे.

आयपीव्ही६ मुळे मला वाटतं तराजू आयपीओईकडे आणखी थोडा झुकतो. पीपीपीओईत आयपीव्ही६ घेतानाही घरासाठीचा पत्त्यांचा गट डीएचसीपीव्ही६ नेच आणावा लागतो, म्हणजे लॉगिन करूनही डीएचसीपी टळत नाहीच. शिवाय आयपीव्ही६ मध्ये वाटेतले राउटर पॅकेट फोडतच नाहीत. सगळी भिस्त त्या उलट निरोपावर, जो अडवण्याची सवय अजून गेलेली नाही.

घ्यायच्या आधी

ऑपरेटरला वेगाशिवाय तीन गोष्टी विचारा. फायबर घरात येणार की जिन्यातल्या स्विचपर्यंत? पासवर्ड लागणार का? राउटर मी माझा लावला तर मॅक नोंदवायला किती वेळ? आणि ज्याच्याकडे ती लाइन आधीच आहे अशा शेजाऱ्याकडे लॅपटॉप घेऊन जा. विंडोजमध्ये पिंगला 'फोडू नको'चा एफ पर्याय लावून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला १४७२ बाइट्स पाठवा. त्यात हेडरचे २८ मिळवले की १५०० होतात. उत्तर आलं तर वाट पूर्ण रुंद आहे. नाही आलं आणि १४६४ ला आलं, तर तुम्ही १४९२ च्या वाटेवर आहात. घरात कुणी ऑफिसच्या व्हीपीएनवर काम करत असेल तर तेही तिथेच एकदा जोडून बघा, आणि नुसतं लॉगिन करून थांबू नका. एखादी मोठी फाइल उघडा.

सेक्रेटरी काकांचा मुलगा घरून काम करतो, दिवसभर व्हीपीएनवर. आमच्या इमारतीत दोन्ही ऑपरेटरची फायबर थेट घरात येते. मी त्यांना नुसती लावायची घ्या म्हटलं. त्यांच्याकडे सोमवारी ओएनटी बसला. राउटरच्या पाठीवरचा मॅक पत्ता मी मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवला आहे. राउटर बदलायचा दिवस येईल तेव्हा त्यांना तो लागणार.